जगाचे प्रश्न शिकायचेत? मग आधी आपल्या गावचा एक बांध पकडा

दर वर्षी कॉलेजं सुरू झाली की कोणीतरी येऊन विचारतंच, मॅडम, क्लायमेट चेंजवर प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू? आणि मी दर वेळी उलट विचारते, तुझ्या घरापासून चालत जाता येईल असं पाणी कुठलं? ओहोळ, तळी, खाजन, नदी, काहीही चालेल.

हवामान बदल, स्थलांतर, पाण्याची भांडणं, जमिनीचे हक्क हे प्रश्न एका विषयात मावत नाहीत हे आता सगळ्यांना तोंडपाठ झालंय, पण मग नेमकं करायचं काय हे कोणी सांगत नाही, आणि पोरं बिचारी पाच विषयांतले पाच परिच्छेद एकाखाली एक चिकटवतात, कव्हरवर शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांचे रंगीत चौकोन लावतात आणि सबमिट करतात. यात त्यांची चूक नाही, त्यांना तसंच दाखवलं गेलंय. मी गेली काही वर्षं मुलांसोबत जे करून बघितलं ते इथे सविस्तर लिहितेय. साधारण सहा महिने धरा, म्हणजे एक सेमिस्टर आणि वरचे थोडे दिवस.

आधी जागा ठरवा, विषय नंतर

मी खाजनाचं उदाहरण घेऊन चालते कारण ते मला जवळून माहीत आहे. गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. मांडवी, जुवारी आणि बाकीच्या नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यातली, भरतीच्या पातळीहून सखल असलेली ही जमीन पूर्वजांनी मातीचे बांध घालून पाण्याकडून मिळवली. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं, मोटर नको की वीज नको. आत पोंय असते, पाणी साठायची खोलगट जागा, तिच्यात मासळी, आणि तिच्या वरच्या अंगाला भाताची शेतं.

आता या एका बांधावर उभं राहून बघा. मिठाचा प्रश्न केमिस्ट्रीचा, झडपेचा फिजिक्सचा, मानशीपाशी मासळी धरायच्या हक्काचा लिलाव कितीला गेला हा इकॉनॉमिक्सचा, बांध कोणी दुरुस्त करायचा हा कायद्याचा, पूर्वी कोण करायचं हा इतिहासाचा, मानशीपाशी राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, रोट का देतात हा समाजशास्त्राचा, आणि समुद्र वर चढतोय हा सगळ्या जगाचा. विषय तिथे आधीच एकत्र आहेत, वेगळे आपण कॉलेजात केलेत.

डिचोली-सत्तरीकडे राहत असाल तर खाजन नसेल, मग खाणीच्या बंद खंदकातलं पाणी घ्या किंवा म्हादईला मिळणारा एखादा ओहोळ. पेडण्यात असाल तर रेतीउपसा, किनाऱ्यावर असाल तर वाळूच्या टेकड्या. पद्धत तीच राहते. अट एकच, तिथे दर आठवड्याला जाता आलं पाहिजे. बसचं भाडं आणि वेळ परवडला नाही तर तिसऱ्या आठवड्यात प्रोजेक्ट मरतो, हे मी खूपदा बघितलंय.

प्रश्न असा करा की गावात विचारता येईल

"खाजन शेतीवर हवामान बदलाचा परिणाम" हे नुसतं शीर्षक झालं. "या बांधाच्या आतली शेतं कधीपासून पडीक आहेत आणि का" हा प्रश्न झाला. फरक कसा ओळखायचा तर तो प्रश्न गावातल्या एखाद्या मावशीला विचारून बघा, ती लगेच बोलायला लागली तर प्रश्न बरोबर आहे आणि ती गप्प बसून तुमच्या तोंडाकडे बघायला लागली तर परत लिहा. आणि उत्तर आधीच ठरवून प्रश्न करू नका. "हवामान बदलामुळे शेतं कशी पडीक पडली" असा प्रश्न घेतलात की बाकी सगळी कारणं तुम्हाला दिसणारच नाहीत.

टीम

चार जणं पुरे. एक प्रयोगशाळेत हात बसलेला, एक आकडे आणि पैसे समजणारा, एक कागदपत्रं वाचायची चिकाटी असलेला आणि एक त्या गावचाच. चौथा नसेल तर थांबा, तो मिळेपर्यंत सुरू करू नका. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला मल्टिडिसिप्लिनरी पेपर आलेच आहेत, त्यांचा उपयोग यासाठी करून घ्या, दुसऱ्या डिपार्टमेंटची पोरं तिथेच भेटतात.

भिंतीवर एक लांब कागद लावा

मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. दोन-तीन मीटरचा ब्राऊन पेपर घ्या, आडव्या पाच पट्ट्या आखा: पाणी, जमीन, कायदा, पैसा, माणसं. वर सालं लिहा. प्रत्येक विषयाचं घड्याळ वेगळं चालतं, मीठ तासातासाला बदलतं, भात हंगामावर, कोर्टाचं काम वर्षावर, हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षं लागतात, आणि ही घड्याळं एका कागदावर आल्याशिवाय कशाचा कशाशी संबंध आहे ते कळत नाही.

आमच्या कागदावर काय काय आलं ते सांगते. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी गावकरीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चालीरीती लिहून काढल्या, ते फोराल. म्हणजे गावकरी, जिला पुढे कोमुनिदाद म्हणायला लागले, ती त्याआधीची, आणि खाजनाचा बांध राखणं हे तिचं मोठं काम. गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ मध्ये त्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबलेल्या लोकांना जमीन मिळाली ही फार मोठी गोष्ट, तिच्याबद्दल कमीजास्त बोलायची माझी इच्छा नाही. पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या असोसिएशनकडे गेली आणि पैसा उभा करायची जुनी यंत्रणा तिच्यासोबत तशीच्या तशी गेली नाही. मानशीवरच्या मासळीचा लिलाव मात्र होत राहिला, आणि जिथे मासळीचा पैसा भाताहून जास्त झाला तिथे खारं पाणी आत घेणं कोणाच्या तरी फायद्याचं ठरलं. पोरांनी पैशाच्या पट्टीत लिलावाची रक्कम लिहिली आणि जमिनीच्या पट्टीत पडीक शेतं रंगवली, तेव्हा दोन्ही एकाखाली एक बघून वर्गात कोणी काही बोलेना. समुद्राची पातळी तोवर कागदावर आलीही नव्हती.

मोजताना तीथ लिहा

आता आमची एक चूक, कारण ती टाळण्यासारखी आहे. एका मार्चमध्ये आम्ही तिसवाडीतल्या एका बांधाच्या आतल्या पाण्याचा खारेपणा मोजत होतो. एका रविवारी मोजला, मधल्या आठवड्यात गावच्या लोकांनी बांधाचं एक भोक बुजवलं, पुढच्या रविवारी परत मोजला तर आकडा चांगलाच उतरला होता. पोरं खूश, ग्राफ तयार, "दुरुस्तीमुळे खारेपणा कमी झाला." तिथे शेतात काम करणाऱ्या एका वयस्क बाईंना आम्ही तो ग्राफ दाखवला. त्यांनी ग्राफकडे बघितलंही नाही, एवढंच विचारलं, "त्या दिसा तीथ खंयची आशिल्ली?" म्हणजे, त्या दिवशी तीथ कुठली होती?

पहिला रविवार पौर्णिमेला लागून होता, दुसरा अष्टमीला. म्हणजे पहिल्यांदा उधाणाची मोठी भरती आणि दुसऱ्यांदा भांगाची लहान. आकडा उतरला त्यात भोक बुजवल्याचा वाटा किती आणि चंद्राचा किती हे आमच्या दोन आकड्यांवरून सांगताच येत नव्हतं. आम्ही तो ग्राफ काढून टाकला आणि पुढचे दोन महिने परत मोजलं.

तेव्हापासून वहीत पाच रकाने असतातच: तारीख, तीथ, वेळ, भरती चढती की उतरती, आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात, मुरगावचं बघा, पण आत खाडीत भरती उशिरा पोचते म्हणून आपल्या जागेवर काठी रोवून खुणा करून स्वतः एकदा ताडून घ्या. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारेपणा सांगणारा हातातला साधा ईसी मीटर ऑनलाइन मिळतो, पण स्वस्तातले बरेच मीटर समुद्राच्या पाण्यापर्यंत मोजत नाहीत, या मीटरच्या एककात समुद्राचं पाणी ५० डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आसपास असतं. अशा वेळी एक भाग पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर करून मोजा आणि अंदाजे दहापट धरा, नाहीतर कोळंबीवाले मीठ मोजायला वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर कोणाकडून तरी मागून आणा. तुलनेला एक आकडा लक्षात ठेवा, जमिनीचा खारेपणा ३ डेसिसीमेन्सच्या वर गेला की साध्या भाताचं उत्पन्न घटायला लागतं. हा मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा, आकडा आहे, खड्ड्यातल्या पाण्याचा नव्हे, दोघांची गल्लत करू नका. खाजनातला जुना भात कोरगुट मात्र जास्त मीठ सोसतो, म्हणूनच तो खाजनात टिकला, आणि जुन्या गोव्याच्या आयसीएआर या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून मिठाला तग धरणारी गोवा धान ही वाणं काढलीत.

वरून बघायला उपग्रहाची चित्रं फुकट आहेत. गूगल अर्थवर मागची वर्षं बघता येतात, सेंटिनेल-२ ची चित्रं दहा मीटरच्या बारकाईने दर पाचेक दिवसांनी येतात, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर नुसते ढग, त्यामुळे सरद, म्हणजे पावसाळी हंगामाचं भात त्यात बघायचं म्हणजे नशीब. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची शेती बघायला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

माणसांशी बोलणं

प्रश्नावली घेऊन जाऊ नका, निदान पहिल्या तीन फेऱ्यांत तरी नको. कामाच्या वेळी जाऊ नका. लावणीच्या दिवसात गेलात तर चिखलात उतरून मदत करायची तयारी ठेवा. मालकाशी बोललात तर मजुराशीही बोला, मानशीचा ठेका घेणाऱ्याशी बोला, त्याला आधीच व्हिलन ठरवून जाऊ नका, त्यानेही लिलावात पैसे भरलेत. घरातला मुलगा आखातात किंवा तारवटी म्हणून बोटीवर असेल तर शेत पडीक का, याचं अर्धं उत्तर तिथे असतं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा त्याची आई किंवा बायको देते.

परवानगी घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नका आणि नावं लिहू नका. गाव लहान असतं, "एका ठेकेदाराने सांगितलं" एवढं लिहिलं तरी तो कोण ते सगळ्यांना कळतं.

अजून एक. जुनी व्यवस्था फार छान होती असं ऐकायला मिळेल आणि ते ऐकायला गोडही वाटतं. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनं लोक स्वतः नियम करून कशी राखतात या कामासाठी, आणि अशा टिकाऊ व्यवस्थांची जी लक्षणं त्यांनी मांडली, म्हणजे ठरलेली हद्द, जागेला साजेसे नियम, देखरेख, नियम मोडला तर आधी लहान आणि मग मोठी शिक्षा, ती खाजनाला लावून बघा, बरीचशी चपखल बसतात. पण त्याच कोमुनिदादीत जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, कोणाला मिळायचा? गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांना. मग बायका कुठे होत्या, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार कुठे होते, प्रत्यक्ष चिखल वाहून बांध घालणारे कोण होते? हा प्रश्न विचारल्याशिवाय खाजनाचा अभ्यास पुरा झाला असं मी मानत नाही.

कागद

महाराष्ट्रात सातबारा तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा, तो ऑनलाइन बघता येतो, त्यात कूळ कोण, पीक काय ते कळतं. जुनं बघायचं तर पणजीचं पुराभिलेख खातं, ज्याची सुरुवात १५९५ ची. तिथे बरंच पोर्तुगीज आहे पण मोडीतले मराठी कागदही आहेत, मोडी वाचणारं घरात कोणी असेल तर सोबत न्या. पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं चाळा, बांध फुटल्याच्या बातम्या पावसाळ्यातल्या अंकांत सापडतात आणि त्यावरून फुटलेल्या बांधांची सालवार यादी करता येते. सरकारी दुरुस्तीचा खर्च हवा तर आरटीआय करा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे. म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाका, शेवटच्या महिन्यात आठवून उपयोग नाही.

दोन विषय भांडतात तिथे थांबा

प्रोजेक्टचा जीव इथेच असतो. खाजनातलं सगळ्यात चांगलं उदाहरण खारफुटीचं.

बांध फुटला, दुरुस्त झाला नाही, खारं पाणी आत राहिलं की दोन-चार वर्षांत तिथे तिवर आणि कांदळ उगवतात. बॉटनीचा विद्यार्थी म्हणतो छान झालं, माशांची पिल्लं वाढायची जागा झाली. क्लायमेटवाला म्हणतो त्याहून छान, खारफुटीचा चिखल कार्बन धरून ठेवतो. कायदा शिकणारा सांगतो की सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांत, खारफुटीला सगळ्यात कडक संरक्षण आहे, हात लावता येणार नाही. आणि ज्याच्या आजोबांनी तिथे कोरगुट पिकवलाय तो शेतकरी म्हणतो, माझं शेत गेलं. चौघंही खरं बोलतायत. त्यात २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी जो खास भाग आहे त्यात खाजनाचं रक्षण करा असंही आहे आणि तिथली खारफुटी राखा असंही आहे.

इथे बहुतेक प्रोजेक्ट "समतोल साधला पाहिजे" असं लिहून पुढे जातात. कृपा करून तसं करू नका. बांधावर जा आणि झाड नेमकं कुठे उभं आहे ते बघा. आम्ही बघितलं तेव्हा एका शेतकऱ्याने चालता चालता दाखवलं, बांधाच्या बाहेरच्या अंगाला जी झाडं आहेत ती लाटांचा मार अडवतात, ती त्यांनी कधीच तोडली नाहीत, आतली मात्र शेत खातात. म्हणजे भांडण झाडाशी नाहीच, ते बांधाच्या कुठल्या बाजूला आहे याच्याशी आहे. मग नकाशावर दोन रंग करा, बाहेरची वेगळी आणि आतली वेगळी, आतली कुठल्या साली आली ते उपग्रहाच्या चित्रांवरून लावा, आणि मग कायद्याच्या विद्यार्थ्याला विचारा की कायदा हा फरक करतो का. हा एक नकाशा दहा पानांच्या चर्चेपेक्षा जास्त सांगतो.

आता गावातून जगात

जग शेवटी आणायचं, पण आणायचंच. मी तीन धागे सुचवते.

पहिला समुद्र. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली आणि २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. हा आकडा बांधावर घेऊन जा. उधाणाच्या वेळी पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली राहतं ते मोजा. एक वीत राहत असेल, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर, तर याच वेगाने ती वीत साठेक वर्षांत संपते, आणि मधल्या प्रत्येक पावसाळ्यात वारा आणि पूर एकत्र आले की ती आधीच संपलेली असेल. जगाची सरासरी म्हणजे आपली खाडी नव्हे, म्हणून मुरगाव बंदराच्या नोंदी जगभरच्या समुद्रपातळीचा डेटा ठेवणाऱ्या लिव्हरपूलच्या संस्थेच्या साइटवर आहेत त्याही बघा.

दुसरा धागा लोहखनिज. २०१०-११ ला गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर खनिज गेलं, बहुतेक चीनला, आणि ते बार्जमधून मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालव्यातून मुरगावला जायचं. बार्जच्या लाटांनी बांध खचतात ही काठच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि काही काळ बार्जही थांबले. म्हणजे आयतीच तुलना मिळाली तुम्हाला, वर्तमानपत्रातून काढलेली बांध फुटल्याची यादी घ्या, २०१२ च्या आधीची आणि त्यानंतरची बंदीची वर्षं वेगळी करा, पावसाचे आकडे बाजूला ठेवा आणि बघा. काय निघेल ते आधी ठरवू नका. चीनमधल्या पोलादाच्या मागणीचा आपल्या गावच्या मातीच्या बांधाशी संबंध आहे की नाही हे तपासायचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

तिसरा धागा तांदूळ आणि माणसं. बाहेरचा तांदूळ स्वस्त, मजुरी महाग, पोरं परदेशी. हा धागा घरोघरच्या बोलण्यातून येतो, त्याला वेगळी पायरी नको.

शाश्वत विकासाची उद्दिष्टं इथे वापरा, पण सगळी सतरा नको. तुमच्या जागी एकमेकांशी भांडणारी दोन घ्या, भूक संपवण्याचं दुसरं आणि हवामानाचं तेरावं, आणि तुमच्या नकाशावर ती कुठे भांडतात ते बोट ठेवून दाखवा.

लिहायचं कसं, आणि परत जायचं

विषयवार चॅप्टर करू नका. तो मूळ प्रश्न आहे ना, शेतं का पडीक, त्याच्या कारणांप्रमाणे लिहा, आणि प्रत्येक कारणाखाली जो विषय लागेल तो येऊ दे. कुठली गोष्ट मोजलेली, कुठली ऐकलेली, कुठली कागदावर सापडलेली हे दर वाक्यात कळलं पाहिजे. दोन बाजू जुळल्या नाहीत तर तसं स्पष्ट लिहा, ओढूनताणून जुळवू नका. परीक्षकाने मार्क कापले तरी चालतील, असं मी पोरांना खरंच सांगते.

मग ते गावात परत न्या. पीडीएफ पाठवून भागत नाही. देवळाच्या मंडपात किंवा पंचायतीत, संध्याकाळी, कोंकणीत किंवा मराठीत, अर्ध्या तासात, आणि तो लांब कागद भिंतीवर लावून. लोक सालं दुरुस्त करतील, "तो बांध त्या वर्षी नाही, आदल्या वर्षी चवथीच्या आधी फुटला" असं म्हणतील, तेव्हा पेन त्यांच्या हातात द्या. आमच्या कागदावर माणसांच्या पट्टीत सगळ्यात जास्त नोंदी त्या एका संध्याकाळी झाल्या. मूळ कागद गावच्या वाचनालयात ठेवा, फोटो आपल्याकडे.

निघताना मोजायच्या जागेवर एक पक्की खूण करून या, दगडावर रंगाची चालेल. पुढच्या मार्चच्या पौर्णिमेला, त्याच भरतीला, पुढच्या बॅचला तिथेच मीटर बुडवायचाय.